टाळूवरची गाठ

११ जानेवारी

ही वही घेऊन तीन आठवडे झाले. पहिल्या पानावर नाव घातलं, ते तिरकं आलं म्हणून पान फाडलं, मग दुसरंही फाडलं, आणि वही उशाखाली सारून दिली. रोज म्हणायचे आज लिहू. रोज काहीतरी निघायचं. खरं तर निघत काही नव्हतं, मीच काढत होते. ताई म्हणते हिच्या पायाला भिंगरी आहे. भावोजी तर मला हाकच तशी मारतात, "काय भिंगरी, आज कुठे?"

आज लिहितेय, कारण वही घेतली त्याच दिवशी काम लागलं होतं आणि तीन आठवडे मी ते सोडलेलं नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. याआधी केस कापायचा कोर्स, अर्धा. मग कपड्यांच्या कारखान्यात बाह्या लावणं, अडीच महिने, अख्खा सदरा काही दिसला नाही. मग फुलांचं दुकान. मग ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवणं; पुठ्ठे कमी चढले, पुस्तकं जास्त चाळली, आणि शेवटपर्यंत वाचलं एकही नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. हे बाबांचं वाक्य. त्यांनी ताईला फोनवर सांगून ठेवलंय, हेही सोडलं तर तिला परत पाठव, घरात बसेल. घरात बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आमच्या एक आत्या अशाच बसल्यात, अजून उठलेल्या नाहीत.

काम कवळ्या करायचं आहे. त्या दिवशी निघाले होते एका ऑफिसात, फोन घ्यायच्या नोकरीच्या मुलाखतीला. वाटेत एका खिडकीत चौदा जबडे ओळीने हसत होते. थांबले. दारात एक म्हातारे गृहस्थ तळहातावर दोन दात घेऊन उजेडात उभे होते. मला म्हणाले, "पोरी, यातला पिवळट कुठला?" मी म्हटलं, "डावा. आणि पिवळट नाही, राखाडीकडे झुकतोय." ते म्हणाले, "काम करशील?" मुलाखत राहिली ती राहिलीच.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते म्हणाले अशी नजर शंभरात एकीला असते. मला आजवर कुणी शंभरात एक म्हटलं नव्हतं.

भावोजी जेवताना म्हणाले, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. बघू, हिचं भरतंय का." ताईने त्यांच्या ताटात उगाचच आणखी भात वाढला.

१४ जानेवारी

डॉक्टर लोक तोंडाचा ठसा घेऊन डब्यात घालून पाठवतात. सोबत चिठ्ठी. आम्ही ठशात प्लॅस्टर ओततो, की त्या माणसाचा जबडा आमच्या टेबलावर. त्यावर गुलाबी मेण, मेणात दात, मग मेण जाऊन पक्का माल, मग घासणं, मग पॉलिश. माणूस मात्र कधी दिसत नाही. दवाखान्यात तोंड, आमच्याकडे नुसता जबडा. सगळ्यात जास्त माल एका डॉक्टरीणबाईंकडून येतो, दोन चौक सोडून त्यांचा दवाखाना आहे.

चिठ्ठ्या वाचायचं काम माझं. मास्तर खुर्चीत रेलतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "वाच." राजाला खलिता वाचून दाखवावा तसं. वाचून झाली की चिठ्ठी तारेत ओवायची. चष्मा कायम घरी राहिलेला असतो. घर म्हणजे मागची खोली, मोजून दहा पावलं. पण उठणार नाहीत. काकूही, म्हणजे त्यांच्या बायको, चहा आणून देतात पण चष्मा आणत नाहीत. म्हातारपणी माणसं आळशी होतात ती अशी.

आणखी एक खोड. जबडा हातात आला की त्यावरून अंगठा फिरवत बसतात, पोथीवरून फिरवावा तसा. मला आधी वाटलं गिऱ्हाइकावर छाप पाडायला असेल. पण गिऱ्हाईक नसतानाही फिरवतात.

१९ जानेवारी

आज धडा होता. ठसा घेताना त्यात हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे खळगा पडतो. खळग्यात प्लॅस्टर शिरलं की जबड्यावर मणी उठतो. तो खोटा, तोंडात नसतोच. चाकूच्या टोकाने उडवायचा. मास्तर म्हणाले, "खोट्या मण्याला मान असते. टिचकीसरशी उडतो. आणि खरी गाठ असली तर…" तेवढ्यात समोरून दोन माणसं खिडकीएवढी काच घेऊन चालली होती. त्या काचेत आमचा अख्खा रस्ता त्यांच्याबरोबर चालला होता. दुकानं, एक सायकल, वरची गॅलरी, सगळं लटपटत पुढे. मी बघतच राहिले. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत.

मास्तर बोलत होते. मग म्हणाले, "कळलं?"

मी म्हटलं, "कळलं."

दिवसभरात अकरा मणी उडवले. मजा येते.

२ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा अख्खी ओळ मी बसवली. वरचे सहा, पुढचे. मास्तर म्हणाले दात सरळ रांगेत लावायचे नसतात, सरळ रांग ही खोट्याची खूण. एखादा जरासा वळवायचा, एखाद्याचं टोक किंचित झिजवायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं याने साठ वर्षं चावून खाल्लंय. मी डावा सुळा अगदी केसभर बाहेर वळवला आणि तो मेणाचा तुकडा एकदम कुणीतरी झाला. एक मिश्कील बाई. मला हसू आलं, तर ती आधीच हसत होती.

आता बसमध्ये लोकांच्या तोंडाकडेच बघत बसते. आज एका काकांनी वैतागून तोंडच मिटून घेतलं. माझा थांबा गेला तो गेलाच, दोन मैल चालत आले.

मास्तर म्हणाले, "महिनाअखेरपासून खिडकीजवळचं टेबल तुझं." ते त्यांचं टेबल आहे, तीस वर्षांचं. मी म्हटलं, तुम्ही कुठे बसणार? तर म्हणाले, "मला आता खिडकी काय अन् कोपरा काय." अनुभव झाला की माणूस असं बोलू शकतो. मलाही कधीतरी असं बोलायचं आहे.

ताईला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "टिक बाई इथे. मी बाबांना काय काय सांगून ठेवलंय तुला माहीत नाही." मी म्हटलं टिकणार. आणि हे मी पहिल्यांदाच कुणाची समजूत काढायला म्हटलं नाही. मला खरंच दुसरं काही करायचं नाही आता.

९ फेब्रुवारी

आज मी स्वतःवर खूश आहे.

डॉक्टरीणबाईंकडून डबा आला. चिठ्ठी वाचली: वरची पूर्ण कवळी, दातांचा रंग अमुक, पेशंट निवृत्त शिक्षिका. चिठ्ठीच्या मागेही पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं होतं, पण त्या बाई जुने कागद वापरतात, कुणाचे फोन नंबर वगैरे असतात मागे. ओवली तारेत.

जबडा ओतला तर टाळूच्या मधोमध हा एवढा मणी, वाटाण्याहून मोठा. इतका मोठा मी पाहिलाच नव्हता. टिचकीने काही उडेना. चाकूने खरवडायला बसले. पाऊण तास. मान मोडून आली. मग बारीक कागदाने घासून असा गुळगुळीत केला की तिथे काही होतं असं कुणाच्या बापाला कळणार नाही.

मास्तरांनी अंगठा फिरवला. मध्ये थांबला. "इथं काही होतं?"

"हवा होती. काढली."

"मान होती?"

मी म्हटलं, होती. कोण आठवतंय मान होती की नव्हती.

"हात चांगला बसलाय तुझा," म्हणाले.

२१ फेब्रुवारी

शिक्षिकाबाईंची कवळी गेली. दात मी बसवलेले, पॉलिश मी केलेलं. आरशासारखं. पाठवताना सोडवेना, दोनदा डबा उघडून बघितला. काकू म्हणाल्या, "अगं, लेक सासरी चाललीय का तुझी?"

खिडकीचं टेबल आठवडाभर आधीच मिळालं.

३ मार्च

शिक्षिकाबाईंची कवळी परत आली. चिठ्ठीत: हलते, मध्ये टोचते, थोडी घासून बघितली, तुम्ही बघा.

मी वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले, "नवी कवळी आहे. रुळायला वेळ द्या म्हणावं." आतून थोडी आणखी घासून पाठवली.

८ मार्च

आज दोन तुकडे आले. बरोबर मधून. सोबत चिठ्ठी नाही, डॉक्टरीणबाईंचा फोनच आला. मास्तर उभे राहून ऐकत होते, मध्ये मध्ये "हो" म्हणत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, बाईंनी घासून आल्यावर ती तशीच लावली, पुन्हा बोलल्या नाहीत, नवीन आहे म्हणून सोसलं. आता टाळूला जखम आहे, पाण्याखेरीज काही जात नाही. शिकवण्या बंद आहेत.

मग म्हणाले, "त्यांचा जबडा आण."

फळीवरून आणला. मास्तरांचा अंगठा मधोमध गेला आणि तिथेच राहिला. बराच वेळ. मी पाठमोरी होऊन मेण तापवत होते, तापवायचं काहीच नव्हतं.

"इथं चाकू लागलाय."

"बुडबुडा होता ना."

"केवढा?"

"एवढासा."

"चिठ्ठीत काय होतं?"

"वरची पूर्ण. रंग. शिक्षिका. एवढंच."

"बरं," म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "माझीच नजर चुकली, बाई." मला आधी कळलंच नाही ते काय म्हणतायत. मग सुटल्यासारखं झालं. म्हाताऱ्यांना काही पत्ता लागलेला नाही. घरी येऊन दोनदा जेवले.

९ मार्च

सकाळी लवकर गेले. तारेतून ती चिठ्ठी काढून बघायची होती, मागे काय होतं ते. वरून खाली सगळी तार तपासली. आधीच्या आहेत, नंतरच्या आहेत. तेवढीच नाही. उंदरांनी नेली असेल. आमच्याकडे उंदीर आहेत हे मला माहीत नव्हतं.

१० मार्च

लिहायला नको वाटतंय, म्हणून लिहिते.

मास्तरांनी मला दवाखान्यात पाठवलं, नव्या ठशासाठी. डॉक्टरीणबाई हात धुवून माझ्यासमोर बसल्या. चांगल्या बोलल्या, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं. टाळूवर हाडाची गाठ आहे, जन्माची, तिथे सैल ठेवा. मास्तरांनी वाचलं नाही का?"

इथे मला तीन वाक्यं सुचली होती. पहिलं, चिठ्ठ्या मी वाचते. दुसरं, मी मागे बघितलं नाही. तिसरं, गाठ मी खरवडली. तिन्ही खरी. मी चौथं बोलले.

"त्यांच्याकडे चष्मा नव्हता."

"त्या दिवशी?"

"नसतोच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस झाले असं?"

"मी आल्यापासून तरी."

"मग रंग कसा जुळवतात?"

"मी सांगते."

"वाचतात कसं?"

मी ठशाचा डबा उचलला. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे दिसतच नाही त्यांना."

बाहेर पडेपर्यंत मला हे वाक्य नीट ऐकू आलं नव्हतं. रस्त्यात आलं. मी पुलाच्या कठड्याशी उभी राहिले आणि पहिल्या दिवसापासून एकेक आठवत गेले. तळहातावरचे दोन दात. यातला पिवळट कुठला. शंभरात एक.

म्हणजे नजर माझी चांगली होती असं नाही. फक्त होती.

आणि मी खोटं एक अक्षर बोललेले नाही. हे मी दहादा स्वतःला सांगितलं. चष्मा नव्हताच.

१४ मार्च

डॉक्टरीणबाईंचा डबा आला नाही. काल दुसऱ्या दोन दवाखान्यांचेही आले नाहीत. गावात डॉक्टर एकमेकांचे कान चावत असणार. मास्तर टेबलाशी बसून जुने सुटे दात मेणाच्या पट्ट्यांवर लावत होते, मोठे एकीकडे, लहान एकीकडे, बोटांनी चाचपून. एका पट्टीत दोन दात चुकीचे गेले. मी हळूच बदलले. त्यांनी हात तसाच पुढे धरून ठेवला, माझं बदलून होईपर्यंत.

दुपारी काकू चहा घेऊन आल्या. मास्तर आत गेले होते. काकू म्हणाल्या, "तू चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचीस ना, मी आतून ऐकायचे. छान वाचतेस गं तू. स्पष्ट."

मी म्हटलं, "हो का."

"हो. मला प्रत्येक शब्द ऐकू यायचा. जेवढे वाचलेस तेवढे."

कप उचलून गेल्या. माझा अर्धा चहा होता त्यात.

१८ मार्च

डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्वतःचंच काम सुरू करायचं म्हणतात. टेबल, दिवा, सगळं त्यांचं. माणूस मी. "तुझा हात मी बघितलाय. ते सुळ्याचं वळण तुझं होतं ना? आणि मास्तरांना आता त्रास देण्यात अर्थ नाही. त्यांनाही विश्रांती हवी." असं म्हणाल्या. माणसं किती चांगल्या शब्दांत बोलू शकतात.

हो म्हणायला मला वेळ लागला नाही. वेळ लागायला हवा होता असं आता वाटतंय.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच बाबांना फोन. "अहो बाबा, दवाखान्यात लागली, दवाखान्यात." पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले, ताई हसली आणि मला सांगितलं, "म्हणतायत, भिंगरीला खुंटी मिळाली एकदाची." भावोजींनी हात पुढे केला. "शब्द मागे. भरलं बाई पोट दात कोरून."

मी ताईला काही सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं तर कुठून सुरू करायचं. काचवाल्यांपासून?

१९ मार्च

मास्तरांना सांगितलं. शिव्या घालतील, दात-ओठ खातील असं वाटत होतं. रात्रभर त्याचीच तयारी केली होती. त्यांनी विचारलं, "खिडकी आहे का तिथं?"

"आहे."

"कुठल्या अंगाला?"

"उत्तरेला."

"मग चांगलं. रंग उत्तरेच्या उजेडात बघावा. दुपारनंतर बघू नकोस, फसशील."

मी तिथेच उभी. म्हटलं, "मास्तर, ती गाठ…"

ते थांबले. खरंच थांबले, हातातलं काम ठेवून, तोंड माझ्या बाजूला करून. काकूंची आत भांडी वाजत होती तीही थांबली. आणि मी म्हटलं, "ती गाठ असलेला जबडा मी नेऊ का? नव्या कवळीला लागेल."

"तो खरवडलेला आहे," मास्तर म्हणाले. "त्याचा काही उपयोग नाही."

मग पुन्हा पट्ट्यांकडे वळले. निघताना मी नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो आधी खांद्यावर पडला, मग डोकं सापडलं.

एक सांगून ठेवते, कुणी वाचणार नाही म्हणून. मला त्यांचा राग आला. त्यांना माहीत होतं, आता मला खात्री आहे. सगळं माहीत असून त्या दिवशी फोनवर "माझीच नजर चुकली" का म्हणाले? माझं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही का नाही तपासलं. मग डोळ्यांचं बाहेर पडलं असतं. म्हणजे मला वाचवलंच असं नाही, स्वतःलाही झाकलं. आणि नेमकं तेच मी उघडं केलं. आम्ही दोघांनी मिळून एकच भोक बुजवायला घेतलं होतं, मी त्यातून बोट आरपार घातलं.

रागाने बरं वाटतं. फार वेळ टिकत नाही.

२५ मार्च

नवी जागा. टेबल छान आहे, उंची नेमकी. प्लॅस्टर धुवायला खास खोल हौद बांधलाय, गाळ अडवायला आत जाळी, भिंतीला फरशी. सगळं पक्कं, सिमेंट पार वाळलेलं, कडेला रंगसुद्धा जुना पडायला लागलाय. मला विचारलं ते अठरा तारखेला. इतक्या झटपट कामं करणारा गवंडी कुठे मिळाला ते विचारायला हवं. ताईच्या मोरीला महिना झाला, अजून गळतेय.

दवाखाना झाडायला-पुसायला मावशी आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "हौद होय? तो थंडीतच बांधला की." मी म्हटलं, थंडीत कशाला? तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, जेवलीस का?"

१ एप्रिल

आज पहिल्यांदा तोंड बघितलं.

शिक्षिकाबाई आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मला हाक मारली, "ये, बघून घे, म्हणजे पुन्हा घोटाळा नको." बाईंनी तोंड उघडलं. टाळूच्या मधोमध ती गाठ. गोल, फिकट, कडेने हळूहळू उतरत गेलेली. तिला मान वगैरे काही नाही. टेकडीला असते का मान? शेजारी जखम भरत आलीय, गुलाबी सालपट. मी दोन वर्षांच्या पोरीएवढं एकटक बघत राहिले. पाऊण तास मी हे खरवडत होते.

बाई फार बारीक झाल्यात, कपडे अंगावर दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. तोंड पुसत मला म्हणाल्या, "तू करणार आता? छान. किती लहान आहेस. शिकलीस कुठे?"

मी मास्तरांच्या दुकानाचं सांगितलं.

"म्हणजे आधीची ज्यांनी केली ते? म्हातारे आहेत म्हणे फार." रुमालाची घडी करत राहिल्या. "भेटलीस तर सांग त्यांना, मी रागावलेले नाही. माझ्या वर्गात एक पोरगा चुकला की मी दुसऱ्यालाच उभं करायचे कित्येकदा. चालायचंच."

"सांगते," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई दुसरीकडे बघत हातमोजे काढत होत्या.

कवळी करायला घेतली. गाठीवर जिथे सैल ठेवायचं तिथे कथिलाचा पातळ पत्रा ठेवतात, हे मास्तरांनी त्याच दिवशी सांगितलं असणार, काच चालली होती तेव्हा. मला ते माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकातलं चित्र बघून केलं. चित्राला विचारता येत नाही की पत्रा केवढा जाड.

पहिला पत्रा जाड झाला, मेण जबड्यावर धरेना. दुसरा पातळ झाला. तिसऱ्याला जमलं.

५ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. घरी वही उघडी राहिली तर ताई बघेल.

बाईंची कवळी काल बसली. चिकटून, घट्ट. त्यांनी सफरचंदाची फोड चावून दाखवली आणि "शहाण्णव" म्हणून बघितलं, शिट्टी येत नाही ना ते पाहायला. नाही आली. माझ्याकडे बघून हसल्या. डावा सुळा मी पुन्हा वळवला होता.

मग आनंद व्हायला हवा होता. झाला, साधारण बसच्या थांब्यापर्यंत पुरला.

काम मात्र तुंबलंय. जबडे ओतणं, दात, घासणं, सगळं एकटीने. डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या, "पॉलिशला एक माणूस घे हाताखाली. मी चार ठिकाणी सांगून ठेवते, तू बघ, तुला पटेल तो ठेव." मला पटेल तो. बाबांना सांगितलं असतं तर फोनवर दोन मिनिटं गप्प बसले असते.

सकाळपासून दोघे येऊन गेले. एकाला पंख्याखाली बसायचं होतं. दुसऱ्याने यंत्राला हात लावायच्या आधी रजा किती ते विचारलं. मी दोघांना नको म्हटलं, आणि म्हणताना मानसुद्धा वर केली नाही, इतकी सवय लागली पंधरा दिवसांत. पॉलिशला डोकं फारसं लागत नाही. नजरही नाही खरं तर. खरबरीत कुठे राहिलंय ते बोटाला कळतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना सांगायचं असं ठरवलं होतं. मागच्या सोमवारीही ठरवलं होतं. पण आता सांगून कुणाचं काय होणार आहे? बाई जेवतायत. हौद थंडीतच बांधलेला आहे. मास्तरांना विश्रांती हवी होतीच, सगळेच म्हणतायत. सांगितलं तर एवढंच होईल की खिडकी जाईल आणि मी घरी जाऊन आत्यांच्या शेजारी बसेन. तेव्हा हे असंच राहू द्यावं, असं आज मी

मावशी आल्या होत्या, म्हणून राहिलं. पॉलिशच्या कामाला आणखी एक माणूस आलाय म्हणाल्या. म्हटलं, जरा थांबवा, माझं जेवण व्हायचंय. मावशी गेल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबवते. पण बायकोने हाताला धरून आणलंय त्यांना. तुझे मास्तर आहेत."